एकशे तीस लिटरचे स्वप्न

शिक्षण संपून नोकरीचे पत्र हाती आले त्या दिवशी घरात सर्वांनाच आनंद झाला. पण तो आनंद प्रत्येकाला वेगवेगळ्या गोष्टीचा झाला होता, हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. बाबांना वाटत होते की आता मुलगा गाडी घेईल आणि वेळेवर कामावर जाईल. आईला वाटत होते की आता तो गाडी घेईल आणि आम्हाला कुठेतरी घेऊन जाईल. मला वाटत होते की आता दारात एक लाल, दोन दारांची, दोन आसनांची आणि छत मागे दुमडता येणारी गाडी उभी राहील. गाडी घ्यायची यावर घरात संपूर्ण एकमत होते आणि भांडणाला तेवढे एकमत पुरेसे होते.

बाबा हिशेबी आहेत. त्यांनी मला ओरडा दिला नाही की उपदेश केला नाही, एक वही दिली, तिच्यात दोन रकाने आखले, डावीकडे ‘राखाडी’ आणि उजवीकडे ‘लाल’ असे लिहिले आणि म्हणाले, “मुद्दे काढ, प्रत्येकाला दहापैकी गुण दे, बेरीज कर. जी जिंकेल ती घे. मी मधे बोलणार नाही.” राखाडी म्हणजे चार दारांची, पाच माणसांची, मागून उघडणारी एक समंजस गाडी, जिच्याकडे रस्त्यावर कोणी वळून पाहत नाही आणि म्हणूनच जिला कोणी धडकतही नसावे, असा माझा तेव्हाचा समज होता. पहिल्या बेरजेत राखाडीला ७१ आणि लालला ३४ गुण मिळाले. परीक्षेतून नुकताच सुटलेला असल्यामुळे मला दोष कुठे आहे हे लगेच उमगले: प्रश्नपत्रिकाच अभ्यासक्रमाबाहेरची होती.

मग मी मुद्दे वाढवले. ‘वळणावरचा तोल’, ‘गिअर टाकतानाचे समाधान’, ‘इंजिनाचा आवाज’ असे तीन रकाने आले. तेवढ्याने भागेना, तेव्हा ‘गाडी लावून चालू लागल्यावर मागे वळून पाहावेसे वाटते का’ हा मुद्दा घातला आणि त्यात लालला दहापैकी दहा व राखाडीला, उगाच पक्षपात नको म्हणून, एक गुण दिला. चार दिवसांच्या प्रामाणिक कष्टांनंतर लाल गाडी दोन गुणांनी पुढे गेली. बाबांनी वही शांतपणे वाचली, खिशातून पेन काढले आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘रात्री दोन वाजता चौघांना दवाखान्यात नेणे.’ मधे न बोलण्याचे वचन त्यांनी तंतोतंत पाळले, हे मला मान्य करावे लागते.

मी मागे हटलो नाही. आसनांचाच प्रश्न असेल तर तोही सोडवता येईल, या हेतूने मी अभ्यासाला लागलो. १९९२ साली जगापुढे आलेल्या मॅक्लॅरेन एफ१ या गाडीत तीन आसने असतात. चालक मधोमध बसतो आणि त्याच्या किंचित मागे, दोन्ही बाजूंना, दोघे प्रवासी बसतात. आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला आणि दोघांच्या मधे सापडलेला मी: हा तर आमच्या घराचा नकाशाच होता. अशा गाड्या एकूण १०६च बनल्या आणि त्यांपैकी एकही माझ्या पगाराची वाट पाहत थांबलेली नाही, ही गोष्ट मी आईला सांगितली नाही. पोर्शे ९११ला तर मागेही दोन आसने असतात, म्हणजे ती कागदोपत्री चौघांची गाडी आहे, हेही मी जेवताना निष्पाप चेहऱ्याने मांडून पाहिले. बाबांनी मागच्या आसनाचे छायाचित्र बराच वेळ निरखले आणि विचारले, “इथे बसणाऱ्याने पाय घरी ठेवून यायचे का?”

दरम्यान माझ्या मित्राने वकीलपत्र घेतले. तो म्हणाला, “काका, माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची गाडी १९८९मध्ये आली आणि २०१६मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला. दहा लाख माणसे वेडी आहेत का?” युक्तिवाद बिनतोड होता. बाबांनी चष्मा पुसला आणि सांगितले की टोयोटाची कोरोला १९६६ साली आली आणि त्या नावाच्या गाड्या आजवर पाच कोटींहून अधिक विकल्या गेल्या आहेत. माणसे मोजूनच न्याय करायचा असेल तर त्यांची काही हरकत नाही. मित्राने वकीलपत्र तिथेच खाली ठेवले आणि चहा संपवून तो निघून गेला.

शक्तीच्या मुद्द्यावर तरी मी जिंकेन अशी मला खात्री होती, कारण लाल गाडीचे इंजिन १८० अश्वशक्तीचे होते. हे मी अशा स्वरात सांगितले की जणू ते घोडे मीच पाळले होते. बाबा म्हणाले, “ठीक. कामावर जाताना किती वेगाने जाशील?” मी म्हणालो, “गर्दी नसेल तर साठ.” आता सपाट रस्त्यावर साठच्या एकसारख्या वेगाने जायला साध्या मोटारीला दहा अश्वशक्तीसुद्धा भरपूर होते, उरलेली शक्ती वेग वाढवताना, चढावर आणि चारचौघांत बोलताना उपयोगी पडते. हे गणित मी स्वतःच वहीच्या मागच्या पानावर केले होते आणि ते पान फाडायला विसरलो होतो. बाबांनी ते वाचून एवढेच विचारले की उरलेले १७० घोडे कुठे बसणार, कारण मागे आसन तर नाही.

तरीही खरी गाठ पडली ती डिकीशी. डिकी किती मोठी हे कंपन्या लिटरमध्ये सांगतात, पण तिच्यात कोणी पाणी ओतून पाहत नाही; मोजण्याच्या एका रूढ पद्धतीत २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच असे, म्हणजे बरोबर एकेक लिटरचे ठोकळे आत रचतात आणि दार लागेपर्यंत किती मावले ते मोजतात. ही माहिती मी बाबांना सांगितली, ही माझी या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक. लाल गाडीची डिकी १३० लिटरची होती आणि राखाडीची ३८०ची. दुसऱ्या दिवशी कामावरून परतल्यावर बाबांनी मोजपट्टी घेतली आणि घरातील वस्तूंचे लिटर काढायला सुरुवात केली. मोठी सुटकेस ९८ लिटर. आईची शिवणयंत्राची पेटी ४१. दुमडलेली खुर्ची मोजताना ते थोडे अडखळले, कारण ती दुमडल्यावरही खुर्चीच राहते. संध्याकाळपर्यंत घरातील प्रत्येक वस्तूवर त्यांच्या सुबक अक्षरात एकेक चिठ्ठी लागली होती आणि मी सोफ्यावर बसलो असताना ते माझ्याकडेही मोजपट्टी घेऊन काही क्षण पाहत राहिले. वस्तुतः माणसाचा हिशेब सोपा आहे. आपण पाण्यात जेमतेम तरंगतो, त्यामुळे जितके किलो तितके जवळपास लिटर. मी ६८ लिटरचा निघालो. म्हणजे लाल गाडीच्या डिकीत माझ्यासारखे दोघे मावले नसते, याची नोंद त्यांनी वहीत केली.

शेवटी असे ठरले की गाडी चालवून पाहावी. एक जुनी पण चांगल्या स्थितीतील लाल गाडी विक्रीला होती. तिच्या कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी सांगणार नाही, कारण जे घडले त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर तो आजीला सोबत नेण्याचा होता. वास्तविक ती माझ्या बाजूची होती. “त्याला हवी ती घेऊ द्या,” असे म्हणणारी घरातील ती एकटीच, आणि म्हणूनच पहिल्या फेरीला शेजारच्या आसनावर बसण्याचा मान मी तिला दिला.

आत बसणे फारसे अवघड गेले नाही, कारण त्या कामी गुरुत्वाकर्षणाची मदत होते. आजी दारापाशी पाठमोरी उभी राहिली, आसन अमुक उंचीवर असेल अशा विश्वासाने टेकू लागली, आणि आसन त्या उंचीवर नसल्यामुळे आणखी बराच वेळ टेकतच राहिली. शेवटी खालून तिचा आवाज आला, “अरे, बसले का मी?” मी बसल्याची खात्री दिली. समोर पसरलेले लांब बॉनेट पाहून ती खूश झाली. रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारीचे चाक तिच्या कानाच्या उंचीवर आल्यावर मात्र तिने डोळे मिटून घेतले. विक्रेता बाहेरून खिडकीत वाकून सांगत होता की या गाडीत रस्ता तुमच्याशी बोलतो. ते खरे होते. तिचे टायर २४५/३५ मापाचे होते, म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर आणि त्याच्या रबरी बाजूची उंची त्या रुंदीच्या ३५ टक्के, अवघी ८६ मिलिमीटर. राखाडीच्या १८५/६५च्या टायरला तीच उंची १२० मिलिमीटर मिळते. मधल्या ३४ मिलिमीटरमध्ये जे काही विरघळून जायचे ते सारे थेट आमच्यापर्यंत पोहोचत होते, आणि रस्त्याला त्या दिवशी बरेच काही बोलायचे होते. गतिरोधक आला तेव्हा मी गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत, इतक्या हळू नेली की मागचा सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून गेला. तरी खालून खर्रर्र असा आवाज आलाच. आजी म्हणाली, “काहीतरी पडले बघ तुझे.” पडले होते, पण ते दाखवता येण्यासारखे नव्हते.

खरा प्रसंग उतरताना आला. आजीने आधी काठी बाहेर काढली, मग एक पाय काढला आणि मग ती विचारात पडली. मी एक हात धरला, विक्रेत्याने दुसरा धरला, पण ओढण्याची दिशा वर की बाहेर यावर आमचे एकमत होईना, त्यामुळे आजी दर खेपेला थोडी उठून पुन्हा आत जाऊ लागली. तिसऱ्या प्रयत्नानंतर तिने आम्हा दोघांनाही दूर केले, आसनावर कुशीला वळली, जमिनीवर दोन्ही हात टेकले आणि लहानपणानंतर प्रथमच रांगत, पण अत्यंत सन्मानपूर्वक, ती बाहेर आली. उभी राहून लुगडे झटकल्यावर ती म्हणाली, “गाडी छान आहे. मला नेत जाऊ नकोस.” माझा शेवटचा मतदार असा तटस्थ झाला.

मी अखेरचा डाव म्हणून तडजोड सुचवली. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ या साध्यासुध्या गाडीत ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवून जीटीआय विकायला काढली, तेव्हा कंपनीच्या मनात सुरुवातीला ५,००० गाड्यांचाच बेत होता आणि पुढे त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. बाहेरून बाजारहाटाची, आतून शर्यतीची. गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू आणि मागे माणसांना बसायला खरोखरचे आसन. असे वाघाचे काळीज आणि गाईचा चेहरा असलेले एखादे वाहन आपल्यालाही का मिळू नये? बाबा चक्क विचारात पडले आणि मला वाटले की जिंकलो. तेवढ्यात विम्याच्या माणसाचा फोन आला. त्याने माझे वय विचारले, वाहन परवान्याचे वय विचारले, मग इंजिनाची ताकद विचारली, आणि या तीन आकड्यांतील पहिले दोन लहान व तिसरा मोठा असल्याचे ऐकून त्याचा आवाज डॉक्टरांच्या आवाजासारखा मऊ झाला. वर्षाचा हप्ता ऐकल्यावर मी विचारले, “यात गाडीही मिळते का?” त्याने प्रश्न गंभीरपणे घेतला आणि मिळत नसल्याचे कळवले.

राखाडी गाडी आली. तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही आणि तोच तिचा गुण आहे, असे घरात मानले जाते. ती सकाळी सुरू होते. पावसात सुरू होते. अ‍ॅव्हरेज चांगले देते. फक्त तिच्या आगमनानंतर माझ्या ओळखीच्या वर्तुळात मी ‘डिकीवाला’ म्हणून प्रसिद्ध झालो. पहिल्या सहा महिन्यांत मी तीन जणांची घरे बदलली, एक फ्रिज निजवून आणि दोन उभे नेले, आणि ज्या मित्राने माझे वकीलपत्र घेतले होते त्याची गादी मागचे आसन पाडून, दार दोरीने बांधून, गावभर मिरवली. तो वाटेत म्हणाला, “बरे झाले, ती लाल घेतली नाहीस.” मी त्याला गादीसकट उतरवणार होतो.

मागच्या महिन्यात मी एका फर्निचरच्या दुकानाबाहेर गाडीत बसलो असताना शेजारी एक दोन आसनांची गाडी उभी होती. लाल, छत उघडे, जुनी पण लखलखीत. तिचे मालक साठीच्या आसपासचे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते आणि ते कपाटाचे एक लांबलचक खोके शेजारच्या आसनावर उभे करून त्याला सुरक्षा पट्टा बांधण्याचा प्रयत्न करीत होते. खोके दर वेळी नम्रपणे त्यांच्या खांद्यावर मान टाकत होते. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या भागाकडे पाहिले. ती नजर मला ओळखीची होती, कारण वर्षभर मी तशाच नजरेने त्यांच्यासारख्या गाड्यांकडे पाहत आलो होतो.

“किती लिटर?” त्यांनी विचारले.

“तीनशे ऐंशी,” मी म्हणालो. “आसन पाडले की बरेच जास्त.”

खोके माझ्या गाडीत सहज गेले. ते पुढे आणि मी मागे असे आम्ही त्यांच्या घरापर्यंत गेलो. मला रस्ता ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी सबंध वाटभर तीसचा वेग ठेवला, आणि प्रत्येक गतिरोधकावर त्यांची गाडी तिरकी होऊन एकेक चाक चढवताना मी आदराने अंतर राखून थांबलो. खोके उतरवल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “एक चक्कर मारून या. पण रस्ता संपला की परत या.”

मी टेकू लागलो, आणि आणखी बराच वेळ टेकतच राहिलो. चक्कर सात मिनिटांची झाली. तिच्याविषयी मी घरी काही बोललो नाही आणि इथेही लिहिणार नाही. परत आल्यावर इंजिन बंद केले, दार उघडले, एक पाय बाहेर काढला आणि विचारात पडलो. तेव्हा त्या गृहस्थांनी, रोजचा सराव असल्याप्रमाणे, आधी दिशा सांगितली, “वर नाही, बाहेर,” आणि मग हात दिला.