नॉनप्लस्ड म्हणजे शांत? कुणी सांगितलं?

आज ग्रुपवर पुन्हा ते गुलाबाच्या फुलाचं 'आजचा इंग्रजी शब्द'वालं कार्ड. शब्द: नॉनप्लस्ड. अर्थ: 'न गोंधळलेला, शांत'. खाली अंगठ्यांची रांग, 'छान माहिती सर', आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं वहीत उतरवून घेतायत. डोकं सणकलं.

अहो, अर्थ नेमका उलटा आहे! लॅटिनमध्ये 'नॉन प्लुस' म्हणजे 'यापुढे काही नाही'. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हे नाम म्हणून आलं: अशी अवस्था, जिथे पुढे बोलायलाही काही उरत नाही आणि करायलाही. मग त्याचं क्रियापद झालं. समोरच्याला त्या अवस्थेत नेऊन अडकवणं म्हणजे नॉनप्लस करणं. त्यावरून नॉनप्लस्ड. यातला 'नॉन' कुठल्याही 'प्लस्ड'ला नाकारत नाही, कारण 'प्लस्ड' असं विशेषण इंग्रजीत चालतच नाही. कार्डवाल्याने निदान तेवढं तरी शोधायचं.

आणि त्याने 'गोंधळलेला' लिहिलं असतं तरी काम अर्धंच झालं असतं. कन्फ्यूज्डमध्ये गोष्टींची सरमिसळ असते, हे की ते कळत नाही. बॅफल्ड म्हणजे डोकं चालवूनही उलगडा होत नाही. बिविल्डर्डमध्ये एवढं काही एकदम अंगावर येतं की दिशाच सुटते. नॉनप्लस्ड माणसाला मात्र अनपेक्षित काहीतरी ऐकू येतं आणि तो थबकतो. तोंड उघडतं, शब्द फुटत नाही. गोंधळलेला माणूस चार चुकीची दारं ठोठावेल, हा जागचा हलणार नाही. आपल्याकडचा 'किंकर्तव्यमूढ' याला जवळजवळ मापात बसतो. जड आहे, बोलताना कुणी वापरत नाही, पण भाषांतराला बसलात तर आधी तोच आठवा. साध्या मजकुरात 'काय बोलावं सुचेना' पुरतं.

बरं, मान्य. अमेरिकेत विसाव्या शतकापासून लोक हा शब्द 'अविचल' अशा अर्थानेही वापरतात आणि शब्दकोशांनी ते नोंदवलंय. पण शेऱ्यासह नोंदवलंय! कार्डावर तो शेरा कुठाय? मूळ अर्थ गाळून फक्त दुसरा छापायचा, याला माहिती म्हणतात?

तसं पाहिलं तर चूक होण्याची वाट सरळ आहे. नॉनव्हेज, नॉनस्टॉप, नॉनस्टिक ऐकत वाढलेल्या पोराला 'नॉन' म्हणजे नकारच वाटणार, त्याला काय बोल लावायचा? अमेरिकन माणसाचंही हेच झालं. टँकरच्या पाठीवरचं 'इन्फ्लेमेबल', म्हणजे 'चटकन पेट घेणारं', याच जातीचं. त्यातला 'इन' नकाराचा नाही, पण लोक ते 'पेट न घेणारं' असं वाचतील ही भीती खरी होती. म्हणून तर अमेरिकेत अग्निसुरक्षेवाल्यांनी १९२० च्या दशकात त्याच अर्थाच्या 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. तिथे जिवाचा प्रश्न होता. इथे एका गुणाचा आहे, पण ज्याची यादी त्या एका गुणाने हुकते त्याला जाऊन विचारा.

आता हे वाक्य घ्या: 'द विटनेस वॉज नॉनप्लस्ड बाय द क्वेश्चन.' साक्षीदार प्रश्नाने निरुत्तर झाला, की त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही? कार्डाच्या भरवशावर भाषांतर करणारा खटलाच फिरवेल. अशा वेळी पुढचं वाक्य वाचायचं. माणूस गप्प झाला, घुटमळला, पुन्हा विचारू लागला, तर मूळ अर्थ. खांदे उडवून पुढे बोलत राहिला आणि लिहिणारा अमेरिकन असेल, तर दुसरा. तरीही कळलं नाही तर लेखकाने शब्द चुकीच्या जागी वापरलाय.

परीक्षेत समानार्थी विचारला तर परप्लेक्स्ड किंवा बॅफल्ड शोधा. विरुद्धार्थीत 'काम' (calm, शांत) किंवा 'अनपर्टर्ब्ड' धरा. स्पेलिंगमध्ये दोन एस. एक एस अमेरिकेत चालतो, पण इथे कशाला जोखीम घ्या. उच्चार 'नॉन-प्लस्ट', जोर 'प्ल'वर, शेवटी 'ट'. आणि स्वतःच्या पत्रात, ईमेलमध्ये तर हा शब्द वापरूच नका. वाचणारा कुठला अर्थ धरेल सांगता येत नाही, आणि 'पझल्ड' बिचारा कुठे नाही म्हणतोय.