एका वाडग्यासाठी

चीनमधल्या सुजौला येऊन तीन महिने झाले तेव्हा बायकोने फोनवर विचारलं, "अहो, इतके दिवस तिकडे आहात, बघितलंत तरी काय?" मी आपलं खरं ते सांगितलं, की कंपनी, हॉटेल, कंपनीसमोरचं नूडल्सचं दुकान आणि एकदा दाताचा डॉक्टर. पलीकडे शांतता. मग म्हणाली, तिथल्या म्युझियममध्ये एक हिरवं वाडगं आहे, हजार वर्षांचं, मी रीलमध्ये बघितलं, ते तरी बघून या. आमच्याकडे 'ते तरी' म्हटलं की विषय संपतो.

आता मी काही म्युझियमला जाणारा माणूस नाही. जन्म पुण्यात, पण केळकर म्युझियम बघितलं ते चौथीच्या सहलीत, त्यातलं आठवतं ते एवढंच की मस्तानी महालासमोर उभं असताना आमच्या वर्गातल्या एकाला उलटी झाली होती.

इथे तर आधी बुकिंग करावं लागतं. प्रवेश फुकट पण वेळ ठरवून घ्यायची, सगळं फोनवर आणि सगळं चिनीत, म्हणून ऑफिसातल्या एका मुलीला पासपोर्ट दिला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, मग विचारते, "ही किती माणसं आहेत?" मी म्हटलं एकच. ती म्हणे, नावं तीन दिसतायत. मी समजावलं की पहिलं माझं, मधलं वडिलांचं, शेवटी आडनाव. तिने मान डोलावली आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "मग वडील पण येणारेत का?" त्या बिचारीच्या सगळ्या खानदानाची नावं दोन-तीन अक्षरांत आटोपतात, तिला तरी काय बोलणार.

रविवारची दहा ते अकराची वेळ मिळाली. मी पावणेदहाला टॅक्सीतून उतरलो, ऐटीत फोन काढून दाखवला, गेटवरच्या माणसाने बुकिंग बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या गार्डला बोलावून त्यालाही दाखवलं आणि दोघं मनमोकळं हसले. झालं असं की सुजौ म्युझियमच्या इमारती आहेत दोन. जुनी शहरातली, आणि ही पश्चिमेची, 2021 साली उघडलेली, मोठमोठ्या चौकोनी ठोकळ्यांची. नकाशात मी बोट ठेवलं ते ठोकळ्यांवर. वाडगं शहराच्या दुसऱ्या बाजूला. चूक माझीच, पण रविवारी सकाळी स्वतःला शिव्या देत मेट्रो शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. नशीब, सहा नंबरच्या लाइनवर नावात म्युझियम असलेलंच एक स्टेशन आहे.

पोचलो तेव्हा सव्वाअकरा. वेळ टळलेली. तिथल्या माणसाने फोन बघितला, माझा घाम बघितला आणि काही न बोलता हाताने 'जा' म्हणून खूण केली. आजही त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

मग बॅग मशीनमधून गेली आणि थांबली. स्क्रीनवर स्टीलचा गोल डबा आणि त्यात सहा गोल गोळे. आईशप्पथ, मला स्वतःलाच ते बघून भीती वाटली. डबा उघडून दाखवला, बेसनाचे लाडू, मागच्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याबरोबर बायकोने पाठवलेले. गार्डने वास घेतला. त्याच्या वरच्याने वास घेतला. मग पाण्याची बाटली दाखवून म्हणे एक घोट पी, म्हणजे पाणीच आहे याची खात्री. प्यायलो. जिवंत राहिलो. आत सोडलं.

इमारत मात्र, खरं सांगतो, बघत राहावी अशी आहे. ती आखली आय. एम. पेई यांनी, पॅरिसमध्ये लूव्र म्युझियमसमोर काचेचा पिरॅमिड केला तेच हे आर्किटेक्ट, त्यांचं घराणं मूळचं सुजौचं, जवळच्या एका प्रसिद्ध बागेचं मालक. 2006 मध्ये हे म्युझियम उघडलं तेव्हा म्हातारबुवा 89 वर्षांचे होते. पांढऱ्या भिंती, करड्या कडा, मध्ये पाणी आणि पलीकडच्या भिंतीला टेकून उभ्या चिरलेल्या दगडांच्या पातळ पातळ फळ्या, लांबून बघितलं तर शाईने काढलेले डोंगरच. मी लांबून बघू शकलो नाही कारण मध्ये जुन्या काळचे झगे घातलेल्या पंधरावीस मुली होत्या, प्रत्येकीचा एक फोटोग्राफर आणि एक पंखा धरणारी मैत्रीण. इथे खिडक्या षटकोनी, पलीकडे बांबू, आणि अशा एकेका खिडकीपुढे फोटोसाठी रांग. एका रांगेत मी सात मिनिटं उभा होतो, मला वाटलं वाडग्याची आहे.

चित्रांच्या दालनात गर्दी कमी. मिंग राजवटीच्या काळात सुजौ म्हणजे चित्रकारांचं माहेर, शन चौ, वन चंगमिंग अशी मोठी मंडळी इथलीच. मला चित्रातलं कळत नाही, पण धुक्यातल्या डोंगरावर, आभाळात, जिथे जागा दिसेल तिथे लाल शिक्के मारलेले दिसले. ज्याच्याकडे चित्र गेलं त्या मालकाने आपला शिक्का त्यावर उठवायचा, ही तिथली रीतच, आणि ते शिक्के बघायला जाणकार लोक येतात म्हणे. मला एकदम आमच्या देवळातला पंखा आठवला, तिन्ही पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. फिरला की वाचता येत नाही ही एक सोय.

यातले वन चंगमिंग म्हणजे ज्यांनी लावलेला विस्टेरियाचा, म्हणजे जांभळ्या फुलांचा, वेल पाचशे वर्षांनी अजून इथल्या अंगणात उभा आहे. खोड पिळलेलं, लोखंडी टेकू दिलेले. या वेलीच्या बिया म्युझियमने पाकिटात घालून विकल्या आहेत. चित्रकाराचं चित्र परवडत नसेल तर बी घ्या, हा हिशेब मला पुणेकर म्हणून मनापासून पटला.

मोत्यांचा स्तंभ बघून मात्र मी खरंच थबकलो. उंची सव्वा मीटरच्या आत, मोती चाळीस हजारांच्या वर. 1978 मध्ये काही पोरं पक्ष्यांची घरटी शोधायला एका जुन्या पॅगोडात चढली आणि त्यांना हे घबाड सापडलं. बुद्धाच्या अस्थींसाठी केलेला हा डोलारा, त्यात सुमेरू पर्वत आहे, आणि अस्थींना चिनीत म्हणतात 'शली', ते आपल्या 'शरीर'वरूनच. तीन महिन्यांत पहिल्यांदा एक चिनी शब्द मला न शिकता आला होता, म्हणून मी शेजारच्या आजोबांना दोन-तीनदा म्हणून दाखवला. उच्चार चुकला असावा, ते जरा बाजूला सरकले.

आणि मग वाडगं. काचेची पेटी, आणि पेटीला लोक असे चिकटलेले जसे गूळाला मुंगळे. मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला (रोमिंगवर व्हॉट्सॲप चालतं, खर्च विचारू नका), फोन डोक्यावर धरला आणि स्वतःला लोटून दिलं. समोर आलो. तळहाताएवढ्या उंचीचं, खाली बशी, दोन्हीवर कमळाच्या पाकळ्या. रंग हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, राखाडी म्हणावा तर तोही नाही, विहिरीत वाकून बघितल्यावर दिसतो तसा, आणि चकाकी अशी की आत पाणी आहे असं वाटून मी टाचा उंचावून बघितलं. सुजौत 'वाघाची टेकडी' म्हणून आहे, तिच्यावर जो कलता पॅगोडा आहे ना, त्याच्या पोटात हे एवढी शतकं जपून ठेवलेलं होतं. तो कलला, याला ओरखडा नाही. अकरा सेकंद. मग मागून एका शाळकरी पोराने ढोपर मारलं आणि मी थेट शिलालेखांपाशी.

"अहो, वाडगं कुठंय? मला कुणाचं तरी टक्कलच दिसलं."

परत रांगेत शिरायची पायात ताकद नव्हती. म्हणून दुकानात गेलो, तिथे त्याच वाडग्याच्या आकाराची हिरवी बिस्किटं मिळाली, पाकळ्यांसकट, ती घेतली. बाहेर येऊन कठड्यावर बसलो आणि डबा उघडला. शेजारी एक आजीबाई सूर्यफुलाच्या बिया फोडत होत्या. त्यांनी मूठभर बिया माझ्या हातावर ठेवल्या, मी लाडू पुढे केला. त्या फोनमधल्या ॲपकडे तोंड करून काहीतरी बोलल्या, ॲपने मला वाचून दाखवलं, "हा गोल सासरा कुठल्या राजवंशातला?" मी म्हटलं बेसन. ॲपने त्यांना काय सांगितलं देव जाणे, त्यांनी लाडू उजेडात धरून सगळ्या बाजूंनी नीट न्याहाळला, मग खाल्ला, मग न विचारता दुसरा घेतला.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. 89 वर्षांचे पेई, चाळीस हजार मोती, पाचशे वर्षांची वेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आजींना लाडू आवडला का?"

"दोन खाल्ले."

"बेसन थोडं कच्चं राहिलं होतं या वेळी," ती म्हणाली, "काही बोलल्या नाहीत ना?"