सहल शैक्षणिक आहे, सोबत टॉवेल द्यावा

येत्या जूनमध्ये ज्यांची मुलं पहिलीत जाणार आहेत त्यांचं आधी अभिनंदन. तुमची समजूत असेल की मूल शाळेत जाणार. तसं काही नाही, तुम्ही जाणार आहात. माझा मुलगा चौथीत आहे, म्हणजे माझी जवळजवळ चार वर्षं पूर्ण झाली. तेव्हा अनुभवाचे दोन शब्द ऐका, फायद्यात राहाल.

सर्वप्रथम घरातलं एक कपाट रिकामं करा. त्यात सगळ्या रंगांचे कार्डपेपर, क्रेप, फेव्हिकॉलचा मोठा डबा, ग्लू गन, पांढरा झब्बा, पिवळा टीशर्ट, लाल टीशर्ट, नेहरूंची टोपी, सावित्रीबाईंसाठी नऊवारी (मुलगा असला तरी ठेवा, वेळ सांगून येत नाही) हे सगळं भरून ठेवा. कारण सूचना रात्री पावणेदहाला येते आणि कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला साडेनऊला शटर ओढतो. आजवर यात फरक पडलेला नाही. सूचनेखाली ‘कृपया नोंद घ्यावी’ असतं. आपण अंगठा टाकायचा आणि नवऱ्याला उठवायचं.

‘टाकाऊतून टिकाऊ’ असा उपक्रम आला तर टाकाऊ वस्तू विकत आणाव्यात. खाल्लेल्या आइस्क्रीमच्या काड्या चालत नाहीत, त्या अस्वच्छ दिसतात. पन्नास काड्यांचं कोरं पाकीट मिळतं. पर्यावरण दिनाची प्रतिकृती थर्मोकोलची करावी, छान उठून दिसते. थर्मोकोलच्या मखरांवर राज्यात 2018 साली बंदी आली, पण वसुंधरेच्या गोळ्याला ती लागू नसावी. आमच्या गोळ्याला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर ज्यांचा आला त्यांचे काका आर्किटेक्ट आहेत.

आषाढीला विठोबाचा पोशाख भाड्याने मिळतो. अनामत परत मिळेलच असं नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा वाटेवरच्या शाळांना सुट्टी असते, आमच्याही शाळेला असते, कारण बस येऊ शकत नाही. पालख्या पुढे गेल्या, रस्ते मोकळे झाले, की मग शाळेत दिंडी निघते. गेटपासून पार्किंगपर्यंत. स्पीकरवर अभंग, हातात प्लास्टिकची तुळस. वारकरी पाहायचा नाही, व्हायचा.

भोंडल्याला खिरापत ओळखायची असते हे विसरा. ‘प्रत्येकाने दहा रुपयांचे वेफर्सचे पाकीट आणावे’ अशी सूचना आदल्या दिवशीच आलेली असते. ओळखा पाहू!

मराठी भाषा गौरव दिनाची सूचना इंग्रजीत येईल. दचकू नये.

खऱ्या कमाईच्या बाजारासाठी आदल्या रात्री दोनशे इडल्या कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी वीस रुपये प्लेटने स्वतःच विकत घ्याव्यात. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांमधली पोरं परसातली मेथी, लिंबं, गवारी घेऊन बसतात, सुटे पैसे चुकले की भांडतात, हिशेब शिकतात. आपल्या मुलांना असं उघड्यावर बसवायचं म्हणजे धूळ लागते. आपण क्यूआर कोड लावतो.

आता सहल. गेल्याच आठवड्यात झाली, त्यामुळे माहिती ताजी आहे.

पत्रकावर ‘शैक्षणिक सहल’ लिहिलेलं असतं. उद्देशाच्या रकान्यात ‘ऐतिहासिक व नैसर्गिक परिसराचे निरीक्षण’. शुल्क सोळाशे पन्नास. शालेय सहलींना एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते, पण तिच्यात म्युझिक सिस्टीम नसते, म्हणून खासगी बस. खाली संमतीपत्र: पाल्यास काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. त्याखाली सोबत द्यायच्या वस्तू. टोपी, पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड, टॉवेल. शैक्षणिक सहलीला टॉवेल कशाला असा प्रश्न पडून घेऊ नये. मला पडला होता, तरी मी सही केली.

ठिकाण होतं सिंहगडाच्या पायथ्याजवळचं एक रिसॉर्ट.

आता हे नीट ऐका. चौथीला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. आमच्या घरी तो सध्या जेवताना, अंघोळ करताना, रिक्षात, सगळीकडे असतो. कोंढाण्याचा धडा नुकताच झालेला. 4 फेब्रुवारी 1670 ही तारीख त्याला स्वतःच्या वाढदिवसाइतकी पाठ आहे. तानाजी चढले तो द्रोणागिरीचा कडा कुठून सुरू होतो ते त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर काढलंय, दोरासकट. सिंहगडाजवळ जाणार म्हटल्यावर पठ्ठ्या आदल्या रात्री झोपला नाही. दप्तरात लपवून माझी जुनी ओढणी घेतली होती, दोर म्हणून.

साडेसहाला बोलावलेली बस पावणेआठला आली. दिवसभर ग्रुपवर फोटो पडत होते. जानेवारीच्या थंडीत रेन डान्स. गाणं कुठलं ते व्हिडिओत ऐकलं, इथे लिहिण्यासारखं नाही. मुलं ओठ निळे करून उभी. ताटं घेऊन रांग. बॅनरमागे रांग. जादूगार. परत रांग. रात्री साडेआठला मुलगा उतरला, टॉवेल ओला, ओढणी कोरडी. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाला, “आई, वर टॉवर दिसत होता.” गडावरचा टीव्हीचा टॉवर. तो तर आमच्या गच्चीवरूनही दिसतो! सोळाशे पन्नास रुपये भरून तो थोडा मोठा दिसला, एवढंच.

त्यानं टीचरना विचारलं होतं म्हणे, द्रोणागिरीचा कडा ह्या बाजूला की त्या. त्यांनी सांगितलं, आधी नाश्ता संपव, पुढच्या बॅचला टेबल हवंय.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. उत्तर मिळालं, “मॅडम, गडावर रिस्क असते.” गडावर वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, जीपगाड्या जातात. दर रविवारी सत्तरीची माणसं चढून जातात, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरतात. तिथे रिस्क. आणि एकशे चाळीस पोरं, पोहण्याचे दोन तलाव, सहा शिक्षक, हे सुरक्षित! वर संमतीपत्र आमचंच.

टीचरवर माझा फारसा राग नाही. त्यांनाही वरून फोटो मागतात, दर उपक्रमाचे, बॅनर दिसेल असे. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास शिकवायचं आहे. त्यातले किती तास ‘जरा इकडे बघा रे’ म्हणण्यात जातात ते कुणीतरी मोजावं. पूर्वी डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात घेऊन गेल्या. कुरणशाळा म्हणत तिला. आमची शाळा गडाखाली जाऊन वर मान करत नाही.

पण राग येतो तो तुमचा. हो, तुमचाच, आणि माझाही. चाळीस पालकांच्या ग्रुपवर एकानं तरी विचारलं का, की अहो, तिथे गेलात तर पोरांना दोन तास गडावर न्या? अंगठे. चाळीस अंगठे, हात जोडलेले, ‘थँक्यू टीचर फॉर ब्युटिफुल मेमरीज’. कुणाच्या मेमरीज? पोराला थंडी वाजली होती हो! आपल्याला डीपीला फोटो हवा होता, म्हणून शाळेसाठीचा किल्ला आपण केला, मेघदूतासारखे निबंध आपण लिहिले, इडल्या आपण विकत घेतल्या, आणि मुलाचं अक्षर वाईट म्हणून तक्ताही आपणच रंगवला. दिवाळीत मातीचा वाकडातिकडा किल्ला त्यानं एकट्यानं केला होता, तीन दिवस खपून, नखात माती घालून. तो कुणी मागितला नाही. मी तरी त्याचा एक फोटो काढला का? नाही. चिखल झाला म्हणून ओरडले.

लाज वाटायला हवी आपल्याला. इतके शिकलो, दोन ओळींचा प्रश्न विचारता येत नाही.

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही अतकरवाडीच्या वाटेनं चढतोय. स्वारगेटहून पीएमपी पायथ्यापर्यंत जाते. मुलाचे दोन मित्र येताहेत, अजून कुणाला पाठवायचा असेल तर पाठवा. फोटो मिळणार नाहीत.