खुलासा: ब्लाँडिनची दोरी धबधब्यावर नव्हती

‘३० जून १८५९ रोजी ब्लाँडिन थेट नायगारा धबधब्यावरून दोरीवर चालत गेला’ असा मजकूर दोरीवरून चालणारा फ्रेंच कसरतपटू ब्लाँडिन याच्याबद्दल सध्या फिरतो आहे. त्यातली तारीख बरोबर असली तरी जागा चुकीची आहे. त्याची सुमारे ३ इंच जाडीची दोरी धबधब्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या खोल घळीवर ताणलेली होती. यामुळे त्याचे धाडस तसूभरही उणे ठरत नाही, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने आपला व्यवस्थापक हॅरी कोलकॉर्ड याला पाठुंगळी घेऊन ही घळ ओलांडली, आणि ब्लाँडिनला दम खाता यावा म्हणून कोलकॉर्डला वाटेत अनेकदा उतरून त्या झुलत्या दोरीवर उभे राहावे लागले. प्रत्यक्ष धबधब्याच्या कड्यावरून तारेवर चालत गेला तो अमेरिकी कसरतपटू निक वॉलेंडा, १५ जून २०१२ रोजी. प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या आग्रहामुळे त्याने सुरक्षादोर बांधला होता.