भैरवी वर्ज्य असलेला सीडी प्लेअर

आमच्या सीडी प्लेअरला गेली तीन-चार वर्षं भैरवी वर्ज्य होती. अधूनमधून जेवणं झाली की आबा मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एका मैफलीची सीडी लावायचे. आधीचे राग सुरळीत जायचे आणि भैरवी रंगात आली की यंत्राला उचकी लागायची. एकच तान चार-चार वेळा. आबांचा संशय सीडीवर, आईचा आबांच्या हातावर. शेवटी एका दुकानात नेला. (नाव विचारू नका, माणूस चांगला आहे.) त्यानं झाकणही न उघडता सांगितलं, "लेन्स गेली ताई. पार्ट येत नाही आता. ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाका."

हे "लेन्स गेली" माझ्या फार डोक्यात जातं. दुकानदाराचं गणित मला कळतं. तेवढ्या वेळात त्याचे चार मोबाईलचे डिस्प्ले बदलून होतात. मग "मला वेळ नाही" म्हणावं ना. चालत्या यंत्राला हार कशाला घालायचा?

कारण लेन्स, म्हणजे सीडी वाचणारा लेसरचा डोळा, खरंच गेली असती तर पहिलंच गाणं लागलं नसतं. सीडी ग्रामोफोनच्या रेकॉर्डच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. अगदी आतल्या कडेला गाण्यांची यादी असते. ती वाचता आली नाही तर पडद्यावर "नो डिस्क" येतं आणि विषय संपतो. आमचं यंत्र यादी वाचत होतं, तासभर गातही होतं. मग मी घरातल्या बाकीच्या सीड्या लावून बघितल्या. चाळीस मिनिटांच्या भावगीतांना काही होत नव्हतं. सत्तर मिनिटांची कुठलीही लावा, तासाभरानंतर उचकी ठरलेली. म्हणजे दोष जागेचा होता. लेसरचा डोळा सीडीच्या मध्यापासून साधारण 25 मिलिमीटरवर वाचायला लागतो आणि भरलेली सीडी असेल तर 58 पर्यंत सरकतो. सगळा प्रवास दोन बोटांचा, आणि आमचा डोळा शेवटच्या पेरावर अडत होता. भैरवी शेवटी गातात म्हणून ती बिचारी सापडली!

रविवारी दुपारी प्लग काढला, अर्धा तास तसाच ठेवला (आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज धरून राहते, घाई करू नये) आणि झाकण उघडलं. हा प्लेअर 1992 साली मामांनी मस्कतहून आणलेला. कोल्हापूरचे तीसेक पावसाळे खाल्लेत त्यानं. आत धुळीची गोधडी आणि एक वाळलेली पाल. डोळा सरकवणारं पांढरं गिअर बोटानं हळूच फिरवलं. फिरतंय, फिरतंय, आणि कडेला आल्यावर घट्ट. डोळा ज्या दांडीवरून सरकतो तिच्यावरचं ग्रीस तपकिरी होऊन वाळलं होतं, बरणीच्या तोंडाशी काकवी वाळते तसं. आबा सहसा छोट्याच सीड्या लावायचे, त्यामुळे आतली वाट वापरात राहिली आणि बाहेरच्या टोकाला ग्रीस थिजून बसलं. एवढाच तो असाध्य रोग.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायचे बड्स. दांडी पुसली, गिअरचे दाते पुसले, दांडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, गिअरला पांढरं ग्रीस नखाएवढं. जास्त लावलं की तीच धूळ परत धरते. भिंगावरून मात्र बड अलगद फिरवायचा. ते प्लास्टिकचं असतं आणि केसाएवढ्या तारांवर तोललेलं असतं. थिनर लागला तर ते कायमचं दुधाळ होतं. आणि सुरू असताना आत वाकून बघू नका. 780 नॅनोमीटरचा लेसर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून तर तो धोक्याचा. व्हिडिओ बघून लेसरशेजारचा इवलासा स्क्रू पिळणारे हुशार लोक आहेत, त्यांना माझा हात जोडून नमस्कार. त्यानं करंट वाढतो, यंत्र आठवडाभर झकास वाजतं आणि मग लेन्स खरोखरच जाते.

ट्रेही नखानं ओढून काढावा लागायचा. त्याचा रबरी बेल्ट सैल पडून गुळगुळीत झाला होता. तो घेऊन उद्यमनगरात गेले. इंजिनं आणि ओतीव कामावर जगणारा भाग तो, तिथं ऑइल सील आणि ओ-रिंगांची दुकानं आहेतच. "कशाला पायजे ताई?" म्हटलं, सीडी प्लेअरला. काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण ऐकतंय आता सीडी?" विचारलं खरं, पण लगेच पाच-सहा डबे उपसून जुन्या बेल्टच्या मापाशी एक-एक रिंग लावून बघत बसले. दहा रुपये. "बसली नाही तर परत आणा की." मूळ बेल्ट चौकोनी होता, ही गोल. चालते.

चूक माझीही झाली. ट्रे काढण्याआधी फोटो काढला नाही. परत बसवताना गिअर एका दात्यानं पुढं बसलं. ट्रे आत जायचा आणि सीडी मात्र अधांतरी. दोन तास गेले. आई दर वीस मिनिटांनी येऊन "मोबाईलवर मिळतं की हे सगळं" म्हणत होती.

मिळतं. सीडीचाच आवाज श्रेष्ठ वगैरे मी म्हणणार नाही. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, तेवढं आता फोनवरही येतं. पण आबांना फोनवर गाणं शोधायला कुणाला तरी हाक मारावी लागते. प्लेअरचं बटण त्यांचं ते दाबतात. यावर वाद घालायचा असेल तर घाला.

रात्री आबांनी सीडी लावली. भैरवी सुरू झाल्यावर आम्ही तिघं उगाचच यंत्राकडे बघत बसलो. नेहमीची जागा आली, गेली. आबा काही बोलले नाहीत. सीडी संपल्यावर उठले, ट्रे उघडला, मिटला, परत उघडला. मग मला म्हणाले, "टेपरेकॉर्डर पण पडलाय बघ माळ्यावर."