कुष्ठरुग्णाच्या ड्रेसिंगबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कुष्ठरोग्याची जखम धुणाऱ्या नर्सला आणि तिच्या लेकराबाळांना रोग होतो, अशा पेशंटला जनरल वॉर्डात घेऊ नका.’ हे खरं नाही.

कुष्ठरुग्णाच्या तळपायाची जखम बहुतेक वेळा बधिरपणामुळं होते. या रोगानं नसा निकामी झाल्या की चप्पल चावलेली कळत नाही, रानात काटा मोडलेला कळत नाही, चुलीचा चटकाही कळत नाही. अशा जखमेला नियमित साफसफाई आणि ड्रेसिंग लागतं. हातमोजे, हात धुणं ही कुठल्याही जखमेला घेतो तेवढीच काळजी पुरते; वेगळी खोली लागत नाही.

संसर्ग होतो तो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, नाकातोंडातल्या तुषारांतून. तोही थोड्यांनाच, कारण सुमारे ९५ टक्के लोकांत उपजत प्रतिकारशक्ती असते. औषधं सुरू झाली की रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. त्यातल्या क्लोफाझिमिन या औषधानं कातडी काळपट पडते, त्याला रोग वाढला समजू नका.

काही सिस्टरनीही हा मेसेज पुढं पाठवलाय, याचं फार वाईट वाटतं. वॉर्डात नातेवाईक सिस्टरकडंच बघतात. ती लांबून बोलली की घरचेही ताट वेगळं करतात. आणि मग घाबरलेला माणूस चट्टा लपवतो, उपचार लांबतात, बोटं वाकडी होतात.

अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवा.