मागच्या स्टिकरवरून आतली डिस्क ओळखता येत नाही

गेले काही दिवस एक संदेश मला निरनिराळ्या लोकांकडून येतोय. मथळा असा: "ऑल-इन-वन कॉम्प्युटरमध्ये कोणती हार्ड डिस्क आहे ते ओळखण्याची सोपी युक्ती". ऑल-इन-वन म्हणजे ज्यात पडद्यामागेच सगळा कॉम्प्युटर असतो ते मशीन. युक्ती चार वाक्यांची आहे. मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर सर्च करा, डिस्कचं नाव मिळेल. नाही मिळालं तर आरपीएम (डिस्क मिनिटाला किती फेऱ्या मारते तो आकडा) पाहा: ५४०० म्हणजे लॅपटॉपची छोटी डिस्क, ७२०० म्हणजे डेस्कटॉपची मोठी. विंडोज काय दाखवतं त्यावर जाऊ नका, मशीन खोलल्याशिवाय खरं कळत नाही. आणि एकदा आकार कळला की कुठल्याही कंपनीची डिस्क घाला, चालते. शेवटी हात जोडलेले आणि "सर्वांना पाठवा".

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं पहिलं वाक्य साफ चूक आहे, दुसरं अर्धवट आहे, तिसरं उलटं आहे आणि चौथ्याने खिशाला चाट बसते. एकेक घेऊ.

"मॉडेल नंबर सर्च करा, डिस्कचं नाव मिळेल."

मिळेल ते डिस्कचं वर्णन, नाव नव्हे. कुठल्याही ऑल-इन-वनचं माहितीपत्रक काढून बघा. तिथे "१ टीबी, ५४०० आरपीएम, साटा" एवढंच असतं (साटा म्हणजे डिस्क मशीनला जोडायची पद्धत). कंपनीचं नाव नसतं, आणि ते मुद्दामच नसतं. कॉम्प्युटर बनवणारी कंपनी हार्ड डिस्क स्वतः बनवत नाही, विकत घेते. आणि एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचं नसतं म्हणून दोघा-तिघांकडून घेते. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचा तुटवडा पडला. त्यानंतर तर एकाच दुकानदाराच्या भरवशावर राहायची चूक कोण करेल? त्यामुळे या महिन्यात बनलेल्या मशीनमध्ये सीगेट, पुढच्या महिन्यातल्यात तोशिबा, आणि मागचं स्टिकर दोन्हींवर तेच.

हे अंदाजाने सांगत नाही. ॲपलचं ऑल-इन-वन म्हणजे आयमॅक; त्याच्या २००९ च्या उत्तरार्धातल्या मॉडेलमध्ये डिस्कचं तापमान मोजायला एक छोटी केबल होती आणि ती डिस्कच्या कंपनीप्रमाणे वेगळी होती: सीगेटची वेगळी, वेस्टर्न डिजिटलची वेगळी, हिताचीची वेगळी. एकाच मॉडेलमध्ये तिन्ही कंपन्यांच्या डिस्क जात होत्या, म्हणूनच तीन केबली लागल्या. पुढे ॲपलने ऑक्टोबर २००९ ते जुलै २०११ या काळात विकलेल्या आयमॅकमधल्या काही १ टीबी सीगेट डिस्क फुकट बदलून दिल्या. "काही" हा शब्द महत्त्वाचा. आपलं मशीन त्यात बसतं का हे पाहायला ग्राहकाला सिरीयल नंबर टाकावा लागे. नुसत्या मॉडेलवरून आतली डिस्क कळत असती तर ॲपलने सिरीयल नंबर कशाला विचारला असता?

मशीनचा सिरीयल नंबर किंवा सर्व्हिस टॅग मात्र थोडा जवळ नेतो. काही कंपन्यांच्या साइटवर तो टाकला की कारखान्यातून निघताना आत काय होतं त्याची यादी मिळते. पण तिथेही बऱ्याचदा सुट्या भागाचा क्रमांक आणि तेच गोलमाल वर्णन. शिवाय मशीन वापरलेलं घेतलं असेल तर मधे कोणी डिस्क बदलली असेल, त्याची त्या यादीला खबर नसते.

"५४०० म्हणजे छोटी, ७२०० म्हणजे मोठी."

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर. ओळखीतल्या एकांचं ऑल-इन-वन मंद झालं होतं, डिस्क कुरकुरत होती. पत्रकावर ७२०० आरपीएम लिहिलेलं. मी लगेच साडेतीन इंची, म्हणजे डेस्कटॉपची मोठी, डिस्क घेऊन हजर. मागचं झाकण काढलं तर समोर अडीच इंची, म्हणजे लॅपटॉपच्या, डिस्कचा चिमुकला पत्र्याचा पिंजरा. माझी डिस्क त्याच्या शेजारी ठेवली तर लोटीशेजारी घागर ठेवल्यासारखी दिसत होती. आतल्या डिस्कवर लिहिलं होतं: एचटीएस७२१०१०ए९ई६३०.

ही अक्षरं म्हणजे नुसता गिचमिडकाला वाटतो, पण सगळं त्यातच आहे. "एच" हिताचीचा, "टी" ट्रॅव्हलस्टार या अडीच इंची मालिकेचा. पुढचे "७२" म्हणजे ७२०० आरपीएम. मग "१०" दोनदा: पहिला सांगतो की या मालिकेत सगळ्यात मोठी डिस्क १००० जीबीची, दुसरा सांगतो की हातातली डिस्कही तेवढीच. "ए" ही पिढी. "९" म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडी. "ई६" म्हणजे ६ गिगाबिटचा साटा, आणि "३" म्हणजे ३२ एमबी बफर (डिस्कची स्वतःची तात्पुरती मेमरी). त्याच घराण्यातल्या एचटीएस५४५०५०ए७ई६८० वर नजर टाका: ५४०० आरपीएम, ५०० जीबी, ७ मिलिमीटर, ८ एमबी. एवढं वाचता आलं असतं तर माझी खेप वाचली असती. अडीच इंचात ७२०० आरपीएमच्या डिस्क होत्या, मला तेव्हा माहीत नव्हतं इतकंच.

सीगेटचं वाचायला सोपं आहे. एसटी१०००एलएम०३५ मधले १००० म्हणजे जीबी, आणि "एलएम" दिसलं की अडीच इंची. एसटी१०००डीएम०१० मधलं "डीएम" डेस्कटॉपचं, म्हणजे साडेतीन इंची. वेस्टर्न डिजिटलची डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स साडेतीन इंची, डब्ल्यूडी१०एसपीझेडएक्स अडीच इंची आणि ७ मिलिमीटर जाड. दोन्ही १ टीबी, दोन्ही कंपनीच्या "ब्लू" मालिकेतल्या. रंगावरून आकार ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

संदेश पूर्ण चुकीचा नाही हेही सांगायला हवं. २०१२ च्या बारीक आयमॅकमध्ये साडेएकवीस इंचीत अडीच इंची ५४०० ची डिस्क होती आणि सत्तावीस इंचीत साडेतीन इंची ७२०० ची. पाठवणाऱ्याने बहुधा असलंच एखादं उदाहरण पाहिलं आणि नियम करून टाकला.

"विंडोजवर जाऊ नका, खोलल्याशिवाय कळत नाही."

खरं तर खोलायच्या आधीच सगळं कळतं, कारण विंडोज स्वतःच्या मनाने काही सांगत नसतं, ते डिस्कला विचारतं. साटा डिस्कला "ओळख सांग" असा एक ठरलेला आदेश असतो. तो मिळाला की डिस्क माहितीचा एक ५१२ बाइटचा तुकडा परत पाठवते. त्यात सिरीयल नंबरला २० अक्षरांची जागा, फर्मवेअरच्या (डिस्कमधल्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीला ८, मॉडेलच्या नावाला ४०. नव्या डिस्क त्याच तुकड्यात आरपीएम आणि आकारही सांगतात. म्हणजे दुसऱ्या वाक्यातला सगळा तर्क लढवायची गरजच नव्हती.

विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्ह्ज. तिथे मॉडेल दिसतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केलं तरी उजव्या कोपऱ्यात तेच नाव असतं. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरा, ॲपलच्या मेनूत सिस्टीम इन्फॉर्मेशन उघडा आणि साटाची नोंद बघा. आरपीएम, चालू राहिल्याचे तास असं हवं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम, आणि आकारही हवा असेल तर लिनक्सवरचा स्मार्टसीटीएल. विंडोज सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) जा, बहुतेक मशीनवर मॉडेलचं नाव तिथेही असतं.

चालू राहिल्याच्या तासांकडे मी नेहमी बघतो. सहा वर्षं रोज वापरलेल्या मशीनमधली डिस्क तीनशे तास सांगत असेल, तर ती मूळची नाही. हे झाकण उघडून, डिस्कवरचं लेबल कितीही निरखून कळणार नाही.

आता संदेशाची बाजू. सॉफ्टवेअर फसवतं अशा काही जागा खरोखर आहेत. २०१७ पासून काही ऑल-इन-वनमध्ये मोठ्या हार्ड डिस्कसोबत, तिचा वेग वाढवायला, इंटेलच्या ऑप्टेन मेमरीची छोटी पट्टी येऊ लागली. दोन्ही जोडलेल्या असल्या की डिव्हाइस मॅनेजर डिस्कचं नाव न सांगता "इंटेल ऑप्टेन+९३१जीबीएचडीडी" अशा थाटाचं काहीतरी दाखवतं. खरं नाव पाहायला इंटेलचं रॅपिड स्टोरेजचं ॲप उघडावं लागतं. ॲपलच्या फ्यूजन ड्राइव्हचंही तसंच: फाइंडरला (मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या ॲपला) एकच ड्राइव्ह, आत फ्लॅश आणि हार्ड डिस्क अशा दोन. कधी एकाच डिस्कची दोन नावं एका ओळीत दिसतात, "एसटी१०००एलएम०२४ एचएन-एम१०१एमबीबी". घाबरू नका, सॅमसंगने हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटला विकला. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लावते ती. आणि "सी" व "डी" दोन दिसतात म्हणून डिस्क दोन, हा गैरसमज वेगळाच. ते बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतं म्हणून डिस्क बदलली असा संशय घेणारेही भेटतात. डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. डिस्क तीच.

"कुठल्याही कंपनीची घाला, चालते."

टॉवर कॅबिनेटमध्ये हे बऱ्याच अंशी खपतं. ऑल-इन-वनमध्ये जागा मोजून मापून असते. सात मिलिमीटरच्या पिंजऱ्यात साडेनऊची डिस्क जात नाही, अडीच मिलिमीटर म्हणजे काय एवढंसं, पण झाकण बसत नाही. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, अडीच इंचीचं ५ व्होल्टवर भागतं. ज्या मशीनमध्ये अडीच इंचीच बसायची होती, तिथे १२ व्होल्टची तार आणलेली असेलच असं नाही.

सगळ्यात जाचक उदाहरण पुन्हा आयमॅकचं, २०११ चं. त्यात ॲपलने डिस्कच्या पॉवर जोडणीत नेहमीच्या चारऐवजी सात तारा दिल्या आणि तापमान थेट डिस्कच्या खास फर्मवेअरकडून घ्यायला सुरुवात केली. बाजारातली साधी डिस्क बसवली, अगदी त्याच कंपनीची, तरी पंखे पूर्ण वेगाने घोंघावत राहायचे आणि हार्डवेअर टेस्ट नापास व्हायची. डिस्क बसली, चालली, आणि घरात मिक्सर लावल्यासारखा आवाज. २०१२ पासून तर पुढची काचच गोंदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेली. आधी ती लोहचुंबकांवर नुसती टेकलेली असे. "खोलून बघा" हा सल्ला अशा मशीनला देताना निदान गोंद कापून पडदा काढावा लागेल हे तरी सांगावं. २०२१ च्या चोवीस इंची आयमॅकमध्ये स्टोरेज बोर्डावरच डकवलेलं आहे, तिथे बदलण्याचा प्रश्नच मिटला.

ऑप्टेनवाल्या मशीनमधली डिस्क काढायची असेल तर आधी इंटेलच्या ॲपमधून जोडणी बंद करा. तशीच उपटली तर डेटाचा काही भाग पट्टीवर राहू शकतो, आणि जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फाइली काढायचा बेत फसतो.

मी घेतलेली ती साडेतीन इंची डिस्क परत घेतली गेली नाही. ती आता बाहेरच्या डब्यात घालून बॅकअपला वापरतो, १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लावून.